उशिराचा विद्यार्थी आणि विधी सीईटी

पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएल.बी. अभ्यासक्रमाला महाराष्ट्रात 2016 पासून सामाईक प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो. राज्याचा सीईटी कक्ष ही परीक्षा घेतो. परीक्षेला बसणारी बहुतेक मुले विशी-बाविशीची असतात. पण त्यांच्यात चाळिशी-पन्नाशी ओलांडलेलेही दिसतात. कोणी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली असते, कोणी शिक्षक असते, कोणी मुले मोठी झाल्यावर मोकळी झालेली गृहिणी असते. आणखी एक प्रकार असतो तो जमिनीच्या दाव्यात उमेदीची वर्षे घालवून कायदा अर्धाकच्चा पाठ झालेल्या माणसाचा.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात हा शेवटचा प्रकार तयार व्हायला कारणे आहेत. वटार हे आगाशी, राजोडी, निर्मळ यांच्या पट्ट्यातले, वाड्या-बागांचे गाव. 3 जुलै 2009 रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, तेव्हा चार नगरपरिषदांबरोबर आसपासच्या ग्रामपंचायतींची गावेही तिच्यात गेली. गावांनी विरोध केला. 31 मे 2011 च्या अधिसूचनेने शासनाने 29 गावे पालिकेतून वगळली, त्यांत वटारही होते. मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे तारखांवर चालले. गाव ग्रामपंचायतीत आहे की पालिकेत, एवढ्या साध्या प्रश्नाने अधिसूचना, स्थगिती, हरकत, सुनावणी हे शब्द घराघरांत नेले. सातबाऱ्यावरची नावे, कूळकायदा, वाटेची भांडणे आणि विहिरीच्या पाण्याचा उपसा हे विषय तर त्याआधीपासूनचे.

अशा माणसाने पन्नाशीनंतर विधी सीईटी द्यावी का, याला दोन बाजू आहेत. येथे त्या वटारमधल्या एका घरातल्या दोघांच्या तोंडी घातल्या आहेत. काका चौपन्न वर्षांचे, वाणिज्य पदवीधर, मुंबईतली कारकुनी सोडून वाडी पाहणारे. पुतणी वसईच्या न्यायालयात वकिली करणारी. दोन्ही पात्रे नमुन्याची आहेत, त्यांचे मुद्दे मात्र खरे आहेत.

पहिला मुद्दा वयाचा, आणि तो पुतणीच निकालात काढते.

“काका, तुमचं वय आडवं येत नाही, हे मी आधीच कबूल करते. बाकी सगळ्यावर आपण भांडू.”

वयाची अडचण आज नाही, पण ती कायमच नव्हती असे नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांतील कलम 28 ने तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी खुल्या प्रवर्गाला 30 आणि मागास प्रवर्गांना 35 वर्षांची कमाल मर्यादा घातली होती. 2013 मध्ये कौन्सिलने ती मागे घेतली. 2015 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही माघार रद्द ठरवली, 2016 मध्ये कौन्सिलने मर्यादा पुन्हा लागू केली, आणि मार्च 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला अंतरिम स्थगिती दिली. 2020 मध्ये उत्तर प्रदेशातील 77 वर्षांच्या एका विधवेने याच मर्यादेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. पतीच्या मागे मालमत्तेचे कागद स्वतःच समजून घ्यावे लागले, म्हणून तिला कायदा शिकायचा होता. महाराष्ट्राच्या सीईटीत कमाल वयाची अट नाही. म्हणजे चौपन्नाव्या वर्षी अर्ज भरताना कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

पदवीची अट मात्र आहे, आणि ती काही घरांत बोचते. खुल्या प्रवर्गाला पदवीला किमान 45 टक्के, इतर मागास प्रवर्गांना 42 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के गुण लागतात. काकांचे 51 टक्के आहेत. त्यांचा प्रश्न वेगळाच, काकूंविषयी निघतो.

“मग हिनेही बसावं की माझ्याबरोबर. हिची मुक्त विद्यापीठाची बी.ए. आहे, गुण माझ्यापेक्षा जास्त.”

“काकूंना नाही बसता येणार. त्यांनी बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन पदवी घेतली आहे.”

बार कौन्सिलच्या नियम 5 च्या स्पष्टीकरणानुसार, दहावी-बारावीचा पाया नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेल्याला कायद्याचा प्रवेश मिळत नाही. बारावीनंतर दूरशिक्षणाने घेतलेली पदवी चालते. शाळा अर्धवट सोडलेल्या आणि पुढे याच वाटेने पदवीधर झालेल्या बायकांसाठी ही अट दुखरी आहे. ज्या शिक्षणव्यवस्थेने त्यांना पुन्हा वर्गात आणले, तिचेच प्रमाणपत्र येथे अपुरे ठरते. अर्ज भरायच्या आधी, पुस्तकांवर पैसे घालायच्याही आधी, ही एक गोष्ट तपासावी. लग्नाने बदललेले नाव, किंवा शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे असे लिहिलेले आडनाव, हे कागदही त्याच बैठकीत काढून बसावे. प्रवेशफेरीच्या गर्दीत ते दुरुस्त होत नाहीत.

आता प्रश्नपत्रिका. परीक्षा संगणकावर होते. वेळ दोन तास, प्रश्न बहुपर्यायी, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पूर्वी 150 प्रश्न असत, अलीकडे 120 आहेत, पण विभागांचे प्रमाण तेच राहिले: कायदेविषयक कल आणि तर्क 24, चालू घडामोडींसह सामान्यज्ञान 32, तार्किक व विश्लेषणात्मक क्षमता 24, इंग्रजी 40. म्हणजे मिनिटाला एक प्रश्न. मराठीतूनही पेपर देता येतो, पण इंग्रजीचे प्रश्न इंग्रजीतच येतात, आणि एक तृतीयांश गुण तिथे आहेत.

काकांना हे आकडे घाबरवत नाहीत. “कायद्याचे 24 तर माझ्या खिशात आहेत. वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात.”

“तेच 24 तुमचे जातील.”

पुतणीचे हे उत्तर उद्धट वाटेल, पण उशिराच्या विद्यार्थ्याच्या तयारीतला खरा पेच त्यातच आहे. विधी तर्काच्या प्रश्नात आधी एक तत्त्व दिलेले असते, मग घटना, मग पर्याय. उत्तर फक्त दिलेल्या तत्त्वावरून काढायचे असते. ती काकांना एक नमुना देते. तत्त्व: दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीवाचून शिरणे हा अतिक्रमणाचा दिवाणी अपकार आहे, शिरणाऱ्याचा हेतू काहीही असो. घटना: अ हा रोज ब च्या वाडीतून विहिरीवर जातो, ब ने त्याला कधी परवानगी दिलेली नाही. अ जबाबदार आहे काय?

“नाही,” काका लगेच म्हणतात. “रोज जातो म्हणजे वहिवाट आहे. वीस वर्षं झाली असतील तर हक्कच लागला. आणि ब ने वाट अडवलीच, तर मामलतदार कोर्ट कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज.”

कायदा म्हणून यातले काही खोटे नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम 15 मध्ये वीस वर्षांच्या अखंड वापराने वाटेचा हक्क मिळतो, आणि 1906 च्या मामलतदार कोर्ट कायद्यात अडवलेली वाट मोकळी करून घेण्याची तरतूद आहे. पण प्रश्नात वीस वर्षे नाहीत, वहिवाट हा शब्द नाही, तहसीलदारही नाही. तत्त्व आहे आणि घटना आहे, म्हणून उत्तर “जबाबदार आहे”. बाविशीच्या मुलाला वहिवाट माहीत नसते, म्हणून तो बरोबर उत्तर देतो. काका जाणते आहेत, म्हणून चुकतात. त्यांना नवे शिकण्याआधी एक वेगळी सवय लावावी लागते: प्रश्नाच्या चौकटीबाहेरचे जे आठवते ते तेवढ्यापुरते बाजूला ठेवण्याची. तार्किक क्षमतेच्या विभागातही अडचण हीच असते. “सर्व वकील प्रामाणिक आहेत” असे विधान दिले, तर त्यावर हसण्यात वेळ न घालवता पुढचा निष्कर्ष तपासायचा असतो.

काकांची बाजू इथे संपत नाही, आणि ती हलकी नाही. “पण परीक्षा वकिलाची क्षमता तपासणारी हवी ना? वाट पाहिली की वहिवाट आठवते, तो वकील चांगला की चौकटीत बसणारा?”

“पक्षकारासमोर तुम्ही चांगले. परीक्षेत चौकटीत बसणारा. आणि काका, न्यायालयातही पुष्कळदा असंच असतं. दावा जेवढा मांडलाय तेवढ्यावरच निकाल लागतो. अर्जात जे लिहिलं नाही, ते गावाला माहीत असून काय उपयोग?”

या एका मुद्द्यावर पुतणीची बाजू वजनदार वाटते. परीक्षा घाईची आणि कृत्रिम आहे खरी. पण मांडलेल्या गोष्टीपलीकडे न जाण्याची शिस्त वकिलीच्या कामातही लागते.

माहितीच्या प्रश्नांत जुन्या माणसाची दुसरी फजिती होते ती कलमांच्या आकड्यांत. तीनशे दोन, चारशे वीस, एकशे चव्वेचाळीस हे आकडे मराठी बोलण्यातच मुरलेले आहेत. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. खुनाची शिक्षा आता कलम 103 मध्ये आहे आणि फसवणुकीची 318 मध्ये. नव्या न्याय संहितेतले 302 धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने काढलेल्या उद्गारांविषयी आहे. जमावबंदीचा आदेश कलम 163 खाली निघतो, आणि नव्या सुरक्षा संहितेतले 144 आहे पत्नी, मुले व आईवडील यांच्या पोटगीचे. ज्यांनी हे आकडे कधी ऐकलेच नाहीत, त्यांना ते कोरे पाठ करता येतात. काकांना आधी पुसावे लागतात. जुन्या आणि नव्या कलमांचा समोरासमोर तक्ता करून भिंतीला लावणे हा यावरचा साधा उपाय. राज्यघटनेतील मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वे, रिटचे पाच प्रकार, अपकृत्य आणि करार यांची मूलतत्त्वे, काही लॅटिन वचने एवढा पाया त्याच्या जोडीला लागतो.

सामान्यज्ञानात उशिराच्या विद्यार्थ्याची बाजू उजवी असायला हवी, कारण वर्तमानपत्र त्याने रोज वाचलेले असते. व्यवहारात तो संपादकीय वाचतो आणि परीक्षा विचारते कोणाची नेमणूक कुठे झाली, कोणता पुरस्कार कोणाला मिळाला. वाचनाची खोली येथे फळत नाही. गेल्या वर्षभरातल्या घडामोडींची महिनावार टिपणे काढणे हाच मार्ग, आणि तो कंटाळवाणा आहे.

इंग्रजीविषयी दोघांत फारसा मतभेद नाही. गावातल्या मराठी शाळेत शिकलेल्या, नोकरीत इंग्रजी पत्रे लिहिलेल्या माणसाला उतारा कळतो. शब्दयोगी अव्यये आणि काळ यांवरचे प्रश्न त्याला अडवतात. पुतणीचे म्हणणे, तयारीचा निम्मा वेळ इथेच घालावा. काका म्हणतात, निम्मा नको, रोज एक तास. 40 गुणांचा हा विभाग सोडून उरलेल्या 80 वर यादी गाठण्याचा विचार करणाऱ्यांना दोघेही वेडे ठरवतात.

सरावाबद्दल मात्र ठिणगी उडते. काका पुस्तकातून, पेन्सिलीने खुणा करत, सावकाश सोडवतात. एका प्रश्नावर पाच मिनिटे लागली तरी त्यांना समाधान असते. माहीत नसलेले उत्तर ते कोरे सोडतात. “अंदाजानं उत्तर देणं म्हणजे खोटं बोलणं.”

“गुण कापत नाहीत काका. कोरं सोडलेलं उत्तर हा प्रामाणिकपणा नाही, चारातला एक सुटण्याची संधी सोडणं आहे.”

संगणकाचा पडदा, माउस हलवून उत्तर निवडणे, शंकेचा प्रश्न खूण करून मागे ठेवणे, कोपऱ्यातले घड्याळ उलटे धावत असताना डोके शांत राखणे, हे ज्ञानाचे विषय नाहीत, हाताचे आहेत. पन्नाशीतल्या उमेदवाराने निदान शेवटचे दोन महिने सगळा सराव पडद्यावर, घड्याळ लावून करायला हवा. वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतराला केलेला असतो, पडद्याच्या नव्हे. तोही वेळीच तपासून घ्यावा.

इथपर्यंत पुतणीने परीक्षेला हरकत घेतलेली नाही. तिची हरकत परीक्षेनंतरच्या तीन वर्षांना आहे.

“तुम्ही सीईटी काढाल, मला शंका नाही. पण प्रवेश मिळाल्यावर रोज वर्गात बसाल का? वाडीला पाणी कोण देणार? तुमच्या दाव्याच्या तारखेला तुम्ही कुठे असणार?”

“सकाळचं कॉलेज घेईन. आमच्या ऑफिसातल्या किती जणांनी नोकरी करून लॉ केलं.”

काकांची आठवण खरी आहे. मुंबईत नोकरदारांच्या पिढ्यांनी सकाळ-संध्याकाळच्या वर्गांतून कायदा शिकला. पण 2008 च्या नियमांनी विधी शिक्षण पूर्णवेळ केले: वर्ग सकाळी 8 ते संध्याकाळी 7 या वेळेतच, आठवड्याला 30 तासांचे अध्यापन. प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी लागते. एखाद्या विषयात ती 65 पर्यंत घसरली तर सर्व विषयांची मिळून 70 टक्के भरल्यावरच सवलत मिळू शकते. सप्टेंबर 2024 च्या परिपत्रकात बार कौन्सिलने महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी लावायला आणि विद्यार्थी कुठे नोकरी करतो का याचे घोषणापत्र घ्यायला सांगितले. नोकरी असेल तर मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्रही मागितले. हजेरी कागदावर भरून घेणाऱ्या महाविद्यालयांच्या भरवशावर जी गणिते मांडली जात, ती आता जोखमीची आहेत. चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय, 1855 चे आणि आशियातले सर्वांत जुने म्हणून मिरवणारे, काकांच्या यादीत पहिले आहे. वटारहून आधी नालासोपारा स्थानक, मग गर्दीच्या लोकलने सव्वा तासापेक्षा जास्त, आणि तेवढेच परत. प्रवेशफेरीत पसंतीक्रम भरताना बाविशीचा मुलगा नावाकडे बघतो. चौपन्नाव्या वर्षी अंतराकडे बघणे शहाणपणाचे, आणि जवळच्या महाविद्यालयाला पहिली पसंती देण्यात कमीपणा नाही. कायद्याची पुस्तके दोन्हीकडे तीच असतात.

“आणि कशासाठी एवढं?” पुतणी विचारते. “तुमच्या स्वतःच्या दाव्यात तुम्ही आजही स्वतः उभे राहू शकता. माहिती अधिकाराला वकील लागत नाही. ग्राहक आयोगात लागत नाही. तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्या, प्रशिक्षण तेच देतात. गावातल्या दहा जणांचे अर्ज लिहून द्याल, तर तीन वर्षांत जास्त काम होईल.”

हे पर्याय कागदापुरते नाहीत. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालची विधी स्वयंसेवक योजना 2009 पासून आहे, आणि सातबारा वाचता येणारा, तहसील कचेरीची पायरी माहीत असलेला माणूस तिला हवाच असतो. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात अपिलाची सुनावणीही अर्जदार स्वतः चालवतो.

काकांचे उत्तर छोटे आहे. “माझा दावा मी लढवीन गं. दुसऱ्याचा मला लढवता येणार नाही. तिथे तुझा काळा कोटच लागतो.”

यावर पुतणीला प्रतिवाद नाही. 1961 च्या अधिवक्ता कायद्याने दुसऱ्याची बाजू न्यायालयात मांडण्याचा व्यवसाय सनदधारकांपुरता ठेवला आहे. जवळच्या माणसाला विशिष्ट प्रकरणात उभे करण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते, पण तो अपवाद आहे. स्वतःपुरता कायदा हवा असेल तर सीईटीची गरज नाही. गावासाठी हवा असेल तर दुसरी वाट नाही. उमेदवाराने अर्ज भरण्यापूर्वी आपण यांतले कोण, हे ठरवलेले बरे, कारण हजेरीचा आणि प्रवासाचा खर्च दुसऱ्या कारणासाठीच परवडतो.

पदवीनंतर काय, हेही याच हिशेबात धरावे लागते. न्यायाधीशपदाची कनिष्ठ स्तरावरची परीक्षा वयामुळे बंद असते. वकिली बंद नसते. 45 वर्षांवरील व्यक्तीला सनद नाकारणारा बार कौन्सिलचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच रद्द केला. नोंदणीसाठी राज्य बार कौन्सिले हजारो रुपये घेत. 30 जुलै 2024 च्या निकालाने कायद्यातील रकमेवर, म्हणजे खुल्या प्रवर्गाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपयांवर, त्यांना थांबवले. पगारी पूर्णवेळ नोकरी करत वकिली करता येत नाही. निवृत्त माणसाला ही अडचण नसते, आणि पेन्शन असेल तर कनिष्ठ वकिलाची कोरडी वर्षे त्याला तरुणापेक्षा सोसवतात. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिलने कनिष्ठांना शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये मासिक विद्यावेतन देण्याची शिफारस केली, पण ती शिफारसच आहे.

“तुझ्याच हाताखाली येईन,” काका म्हणतात.

“मी कनिष्ठांना चहा सांगायला पाठवते.”

“सांगेन. तूही लहानपणी मला विड्या आणून द्यायचीस.”

शेवटचा टप्पा अखिल भारतीय बार परीक्षेचा. 2010 पासून पदवी घेतलेल्यांना ती द्यावी लागते, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. 100 बहुपर्यायी प्रश्न, साडेतीन तास, मराठीचाही पर्याय, आणि टिपणे नसलेले मूळ कायदे सोबत नेण्याची मुभा. उत्तीर्ण व्हायला खुल्या व इतर मागास प्रवर्गाला 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के लागतात. सीईटीच्या मिनिटाला एक प्रश्नाच्या घाईपुढे ही परीक्षा संथ आहे. कोणते कलम कुठे सापडेल एवढे ठाऊक असलेल्या, कागद सावकाश वाचणाऱ्या माणसाला ती जड जात नाही. आणि तिचे प्रमाणपत्र मिळाल्यावरच वसईच्या न्यायालयात दुसऱ्याचे वकीलपत्र घेऊन कायम उभे राहता येते.